टाक्यांतून पाणी येतंय? मग नुसतं ड्रेसिंग पुरे झालं!



बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात. मग एके दिवशी बनियनवर डाग दिसतो. छातीच्या टाक्यांच्या खालच्या टोकातून जरासं पाणी आलेलं असतं. घरचे म्हणतात, "टाका कच्चा राहिला असेल." जवळचे डॉक्टर ड्रेसिंग करतात आणि पाच दिवसांच्या गोळ्या देतात. पाणी थांबत नाही, म्हणून गोळी बदलतात. तरी थांबत नाही, म्हणून 'जरा भारी' गोळी देतात. असे तीन आठवडे जातात. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप येतो, खोकलं की छातीच्या हाडातून कट-कट आवाज येतो आणि रुग्णाला उचलून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं.

हा लेख त्या वाया गेलेल्या तीन आठवड्यांविरुद्ध आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हृदयाच्या ऑपरेशननंतर छातीच्या जखमेतून काहीही वाहू लागलं, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या टीमने ती जखम त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पाहिलीच पाहिजे. आणि रुग्णाला परत येणं सोपं करून ठेवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. 'पेशंट उशिरा आला' असं म्हणून ती रुग्णावर ढकलता येणार नाही.

'छातीत इन्फेक्शन' म्हणजे नेमकं कुठे?

आपल्याकडे 'छातीत इन्फेक्शन झालं' म्हटलं की लोकांना न्यूमोनिया आठवतो. ऑपरेशननंतर न्यूमोनियाही होतो. त्यात खोकला, पिवळट बेडका, दम लागणं, ताप अशी लक्षणं असतात, आणि त्याचा उपचार वेगळा आहे. तो टाळण्यासाठीच तुम्हाला बॉल वर उचलणाऱ्या यंत्रातून श्वास ओढायला आणि लवकर चालायला लावतात.

आज मी बोलतोय ते छातीच्या जखमेच्या इन्फेक्शनबद्दल. त्याचे तीन मजले समजा. सर्वांत वर कातडी आणि तिच्याखालची चरबी. मधे छातीचं हाड, जे ऑपरेशनसाठी करवतीने मधोमध उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. आणि तळमजल्यावर, हाडाच्या मागे, खुद्द हृदय आणि त्याला जोडलेल्या नव्या रक्तवाहिन्या.

इन्फेक्शन वरच्या मजल्यावरच असेल तर ते बहुतेक वेळा ड्रेसिंग आणि गोळ्यांनी बरं होतं, हे अगदी खरं. वाहणाऱ्या जखमांपैकी बऱ्याचशा अशाच असतात. पण अडचण ही की वरून पाहून मजला कळत नाही. कातडीवर मोहरीएवढं छिद्र आणि आत हाडापर्यंत पू, असं असू शकतं. म्हणून 'वरवरचंच दिसतंय' हे वाक्य कोणीही, अगदी अनुभवी डॉक्टरनेही, नुसतं बघून म्हणू नये.

हाडापर्यंत किंवा हाडामागे गेलेलं खोल इन्फेक्शन साधारण शंभरातल्या एक ते तीन रुग्णांना होतं. म्हणजे बहुसंख्य लोकांना ते होत नाही, घाबरून ऑपरेशन टाळू नका. पण ज्यांना होतं त्यांच्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. जुन्या काळी अशा शंभर रुग्णांतले वीस-तीस, कधी त्याहून जास्त दगावल्याच्या नोंदी आहेत. आता चित्र सुधारलं आहे, आणि त्यात लवकर ओळखून लवकर उघडण्याचा मोठा वाटा आहे.

गोळ्यांनी का भागत नाही?

अँटिबायोटिक जखमेपर्यंत रक्तातून पोचतं. जिथे रक्त कमी, तिथे औषध कमी. आणि बायपासनंतर छातीच्या हाडाला नेमकं रक्तच कमी पडतं.

याचं कारण समजून घ्या. छातीच्या हाडाच्या मागून, डाव्या आणि उजव्या बाजूने, एकेक रक्तवाहिनी खाली उतरते. हाडाला रक्त पुरवणं हे त्यांचं काम. बायपासमध्ये बहुतेक वेळा डावी रक्तवाहिनी सोडवून हृदयाला जोडतात, कारण ती वर्षानुवर्षं उघडी राहते. हा निर्णय योग्यच असतो. पण त्यामुळे हाडाच्या डाव्या अर्ध्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ तुटपुंजा होतो. दोन्ही बाजूंच्या वाहिन्या घेतल्या आणि रुग्णाला मधुमेह असला, वजन जास्त असलं, तर धोका आणखी वाढतो.

त्यात भर तारांची. जंतू धातूला चिकटले की स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तसा. त्या थरात औषध नीट शिरत नाही. या इन्फेक्शनमध्ये वारंवार सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू अनेकांच्या नाकात एरवीही मुक्कामाला असतो, आणि तो अशा थरात राहण्यात पटाईत आहे.

आता अशा जागी पाच दिवसांची गोळी काय करते? ताप थोडा खाली आणते. पाणी दोन दिवस कमी करते. सगळ्यांना हायसं वाटतं. पण आत हाडात जंतू तसेच राहतात. शिवाय नंतर पू तपासायला पाठवला, तर अर्धवट औषधामुळे जंतू उगवतच नाही आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळायचा मार्ग बंद होतो. अर्धवट गोळी घेण्यात नुसता पैसा वाया जात नाही. ती आजार झाकते, म्हणून मी तिला निरुपयोगी नाही, धोकादायक म्हणतो.

खरा उपचार कसा असतो?

पहिलं काम तपासाचं. नवं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त आणि पू कल्चरसाठी पाठवतात. सर्जन हाताने हाड दाबून पाहतात, खोकायला सांगतात. दोन्ही भाग एकमेकांवर हलत असतील तर ते बोटांना जाणवतं. छातीचा सीटी स्कॅन करून हाडामागे पू किंवा हवा आहे का ते बघतात. रुग्ण फार आजारी असेल तर मात्र नमुने घेऊन लगेच शिरेतून औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट पाहत नाहीत.

इन्फेक्शन खोल निघालं तर जखम पुन्हा उघडावीच लागते. ऐकायला भयंकर वाटतं. पण पू कोंडलेल्या जागेला वाट करून देणं हा शस्त्रक्रियेचा सर्वांत जुना नियम आहे, आणि त्याला पर्याय ठरेल अशी गोळी अजून निघालेली नाही. भूल देऊन तारा काढतात, मेलेलं हाड आणि मांस काढतात, जागा धुतात.

त्यानंतर अनेकदा व्हॅक्यूम ड्रेसिंग लावतात. जखमेत खास स्पंज बसवतात, वरून पारदर्शक चिकट पापुद्रा लावतात आणि नळीने एका छोट्या पंपाला जोडतात. पंप सतत हलकं खेचत राहतो. त्यामुळे घाण पाणी बाहेर जातं, सूज उतरते, जखमेत नवं रक्त आणि लाल, जिवंत मांस येतं, आणि छातीही थोडी स्थिर राहते. हृदय आणि स्पंज यांच्यामध्ये संरक्षक थर ठेवावा लागतो. म्हणून हे काम हृदयशस्त्रक्रियेची टीम हाताशी असते तिथेच व्हावं. ड्रेसिंग दर दोन-चार दिवसांनी बदलतात.

जागा स्वच्छ झाली की ती बंद करायची. हाड चांगलं असेल तर पुन्हा तारांनी किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधतात. हाड गेलं असेल तर छातीवरचा मोठा स्नायू सरकवून पोकळी भरतात, किंवा पोटात आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीची चादर वर ओढून घेतात. या चादरीचा उपयोग १९७६ साली आणि स्नायूंचा १९८० साली वैद्यकीय नियतकालिकांत सविस्तर मांडला गेला, आणि या आजाराचं चित्र पालटलं. युक्ती साधी आहे. जिथे रक्त नव्हतं तिथे भरपूर रक्त असलेलं मांस नेऊन ठेवायचं. त्या रक्तातून अँटिबायोटिक आणि शरीराचे स्वतःचे शिपाई, दोन्ही पोचतात. सोबत साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक चालतं, त्यातलं सुरुवातीचं तरी शिरेतून.

हे सगळं पहिल्या आठवड्यात सुरू झालं तर अनेकदा हाड वाचतं. तीन आठवडे 'भारी गोळ्यां'त गेले तर हाड जातं, कधी किडनी जाते, आणि कधी माणूसच जातो.

"पण डॉक्टर, एवढ्याशा पाण्यासाठी ऐंशी किलोमीटर?"

हा प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून नगर गाठायचं म्हणजे दिवस जातो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं. पाथर्डी-शेवगावकडच्या कुटुंबाची ऊसतोडीची उचल आधीच घेऊन झालेली असेल, तर सोबत यायला घरी माणूसच नसतो. 'दाखवून या' म्हणणाऱ्याने हा हिशेब समजून घेतलाच पाहिजे.

म्हणून मी म्हणत नाही की प्रत्येक वेळी आधी गाडी करा. मी म्हणतो, आधी फोन करा. जखमेचा उजेडात काढलेला स्वच्छ फोटो पाठवा. ताप, नाडी आणि शुगर जवळच्या डॉक्टरांकडून मोजून घ्या आणि ते आकडे कळवा. सर्जनच्या टीमने पाहून 'दोन दिवस थांबा' म्हटलं, तर थांबा. पण तो निर्णय त्यांचा असू द्या.

गावातल्या माझ्या डॉक्टर मित्रांनाही विनंती. तुमचं महत्त्व इथे कमी नाही, उलट या आजाराला पहिल्यांदा पाहणारे तुम्हीच असता. जखम स्वच्छ कोरड्या पट्टीने झाका. कल्चरसाठी पू घ्या. आणि ऑपरेशन केलेल्या टीमला स्वतः फोन करा. पण छिद्रात पट्टी ठासून भरू नका, वरून नवा टाका घालू नका आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय अँटिबायोटिक लिहू नका. रुग्ण 'काहीतरी द्या' म्हणतो, हे मला माहीत आहे. त्या क्षणी द्यायची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पुढे पाठवणारी चिठ्ठी.

डाळ-भाताला फाशी देऊ नका

जखम वाहू लागली की घरात पहिला आरोपी ठरतो तो भात. मग डाळ, दही, केळी, आंबट. 'भात खाल्ला की पू होतो' हे इतक्या ठामपणे सांगतात की रुग्ण महिनाभर चहा-बिस्किटावर राहतो. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. म्हणजे ज्या वेळी शरीराला डाळ, मटकी, अंडी, दूध, दही, पिठलं यांची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी आपण ताट काढून घेतो. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा, बाकीच्यांनी पोटभर जेवा.

पथ्य पाळायचंच असेल तर तंबाखूचं पाळा. विडी, सिगारेट, गुटखा बंद. आणि बायकांनो, मिसरीसुद्धा तंबाखूच आहे. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी पोचतं.

दुसरं पथ्य शुगरचं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमधल्या डॉक्टरांनी मधुमेह असलेल्या सुमारे अडीच हजार हृदयरुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर त्वचेखाली अधूनमधून इन्सुलिन दिलेल्यांत खोल इन्फेक्शनचं प्रमाण २ टक्के होतं. शिरेतून सतत इन्सुलिन देऊन शुगर ताब्यात ठेवलेल्यांत ते ०.८ टक्के झालं. निम्म्याहून कमी! घरी शुगर विनाकारण चढू लागली, तर ती नुसती गोडाची चूक समजू नका. आत इन्फेक्शन असल्याची ती पहिली खूण असू शकते.

हळद, राख, तेल, तूप, कसलीही पावडर जखमेवर टाकू नका, हे वेगळं सांगायला नको.

डिस्चार्ज कार्डावरची ती दोन अक्षरं

आता आमच्या बाजूचं बोलतो. हे कोणा एका रुग्णालयाबद्दल नाही, आमच्या सगळ्यांच्या सवयीबद्दल आहे.

पूर्वी हृदयाच्या ऑपरेशनसाठी नगरकरांना पुणे-मुंबई गाठावी लागे. आज नगर शहरात आनंदऋषीजी हॉस्पिटलमध्ये, शिर्डीत साईबाबा संस्थानच्या रुग्णालयात ही ऑपरेशनं होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसतात, आणि योजनेची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये आहे. ऑपरेशन जवळ आलं, परवडू लागलं. ही मोठी गोष्ट आहे. पण ऑपरेशननंतरची काळजी त्याच वेगाने गावाजवळ आलेली नाही.

रुग्ण घरी जाताना हातात जे कार्ड पडतं ते इंग्रजीत. शेवटी लिहिलेलं असतं, 'रिव्ह्यू एसओएस'. म्हणजे गरज वाटली तर या. पण गरज कशाला म्हणायची हे कोण सांगणार? बनियनवरचा डाग ही गरज आहे की नाही, हे कार्डावर कुठेच नसतं. ज्याला वाचता येत नाही त्या भाषेत, ज्याचा अर्थ लागत नाही असं लिहायचं, आणि नंतर 'यांनी दुर्लक्ष केलं' म्हणायचं, हा अन्याय आहे.

'खेड्यातल्या लोकांना एवढं कळत नाही' असं कोणी म्हटलं, तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडचा पत्ता द्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्या बायकांनी बाळंतपणं केली, कुपोषित मुलं ओळखली, गावाला आरोग्य शिकवलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि हे काम बघायला जगभरातून लोक जामखेडला येत राहिले. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथे 'टाक्यातून पाणी आलं तर लगेच फोन करा' एवढं वाक्य लोकांना समजणार नाही? समजेल. आम्ही सांगितलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. 'आमच्याकडे इन्फेक्शन शून्य' असं कोणी सांगितलं तर एकच प्रश्न विचारा, "कधीपर्यंत मोजलं?" ही इन्फेक्शनं बहुधा घरी गेल्यावर, पहिल्या काही आठवड्यांत दिसतात. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था बायपासनंतरच्या खोल इन्फेक्शनसाठी ९० दिवस नजर ठेवायला सांगते. सातव्या-आठव्या दिवशी घरी पाठवून मोजणी बंद केली, तर शून्य कोणालाही आणता येतं.

म्हणून प्रत्येक हृदयशस्त्रक्रिया केंद्राकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. डिस्चार्जची सूचना मराठीत, ठळक अक्षरांत द्या. रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या. पहिला महिनाभर दर आठवड्याला तुम्हीच रुग्णाला फोन करा. जखम वाहत असेल तर रुग्णाला ओपीडीच्या रांगेत न बसवता थेट आत घ्या. आणि ९० दिवसांचा आकडा ठेवा, विचारला तर सांगा.

रुग्णांनीही हे मागायला लाजू नये. घरी निघण्याआधी विचारा, "जखमेला काही झालं तर कोणाला फोन करायचा?" नाव आणि नंबर लिहून घेतल्याशिवाय जिना उतरू नका. ऑपरेशन योजनेतून झालं असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की इन्फेक्शन झालं तर खर्चाचं काय. अडवणूक झाली तर योजनेचा हेल्पलाइन नंबर १५५३८८ आहे.

ऑपरेशन व्हायचं असेल तर

तारीख ठरलेली असेल तर तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासून घ्या, तंबाखू आजच सोडा, किडके दात दाखवा. छातीवरचे केस घरी किंवा सलूनमध्ये वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात आणि त्यांत जंतू घर करतात. रुग्णालयात ते मशीनने कापतात. रुग्णालय सांगेल त्या जंतुनाशक साबणाने अंघोळ करा.

ऑपरेशननंतर हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर दुधाचा कॅन, पाण्याची बादली, नातवंड, काहीही जड उचलू नका. मोटारसायकल चालवू नका. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा.

हे लिहून भिंतीला लावा

ऑपरेशननंतर पहिले तीन महिने यांपैकी एकही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा:

• टाक्यांतून पाणी, रक्त किंवा पू येणं, थेंबभर असलं तरी
• टाक्यांभोवती लाली, सूज किंवा गरमपणा वाढणं
• कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढणं
• खोकताना किंवा कुशीवर वळताना हाडातून कट-कट आवाज, हाड हलल्यासारखं वाटणं
• ताप किंवा थंडी (म्हाताऱ्या आणि मधुमेही माणसांना ताप येईलच असं नाही)
• कारण नसताना शुगर चढणं, जेवण तुटणं, माणूस मलूल होणं
• पायातून शीर काढली असेल तर त्या जखमेतून पू येणं किंवा ती लाल होणं

आणि जखमेतून भळाभळा लाल रक्त आलं, माणूस बरळू लागला किंवा दम लागून बोलता येईना, तर फोटो-बिटो काढत बसू नका. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.

जखम वाहू लागली तर अपराधी वाटून घेऊ नका. तुम्ही भात खाल्ला म्हणून हे झालेलं नाही. लपवूही नका. 'सर्जन रागावतील' म्हणून थांबणारे खूप आहेत. रागावले तर रागावू द्या. लवकर आलेला रुग्ण बरा होतो, आणि बरा झालेला रुग्ण कोणत्याही सर्जनला आवडतो.

घरात, शेजारी, भावकीत कोणाचं हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर आज त्यांना एकच प्रश्न विचारा, "टाके कोरडे आहेत ना?"

(हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या जखमेबद्दलचा निर्णय तुमच्या सर्जनने तपासूनच घ्यायचा आहे.)